पत्र्यांच्या बदल्यात एक खुनी

१

लबीजोय गावात त्या सकाळचं पहिलं ऊन पडलं ते नव्या पत्र्यांवर, आणि मग शिडीवरून उतरत उतरत ते आलं खाली पडलेल्या मेलेल्या माणसावर. गावाने त्याच क्रमाने पाहिलं. आधी पत्रे, मग माणूस.

यात राग मानण्यासारखं काही नाही. यादवी संपल्यावर ताजिकिस्तानच्या त्या खोऱ्यात माणसांच्या दोनच जाती उरल्या होत्या. ज्यांच्या घरांना दारं होती ते, आणि ज्यांची दारं त्या पहिल्यांच्या घरांना बसवलेली होती ते. लबीजोय दुसऱ्या जातीचं. हरल्यावर ही माणसं नदी ओलांडून अफगाणिस्तानात पळाली, तंबूत राहिली, आणि परत आली तेव्हा गावात भिंतींचे नुसते खुंट उरले होते. दारं, खिडक्या, वासे, सनवबर म्हातारीचं कोंबड्यांचं खुराडं, सगळं जिंकणाऱ्यांनी गाड्यांत भरून नेलं होतं. विहिरीतलं पाणीसुद्धा न्यायचा त्यांचा बेत होता म्हणतात, पण बादल्या आधीच कुणीतरी चोरल्या होत्या.

तर आता गाव चिखल तुडवून पुन्हा भिंती घालत होतं. परदेशी मदतवाल्यांनी वासे आणि सिमेंटचे पत्रे दिले होते, आणि ते वाटायचं काम गेलं होतं सामुदायिक शेताच्या रईसाकडे, म्हणजे अध्यक्षाकडे. रईस होलमुरोद जिंकणाऱ्यांतला. त्याचा नियम सोपा होता. घरात पुरुष असेल तर पत्रे, नसेल तर आभाळ. पुरुष असलेल्या घरांतही त्याच्या मर्जीतली घरं आधी.

मेलेला माणूस म्हणजे सनवबरचा मुलगा नेमत. आदल्या दिवशी त्याच्या छपराची मेजवानी झाली होती. आज तो शिडीच्या पायथ्याशी तोंड वर करून पडला होता.

रईसने इस्मतला बोलावणं धाडलं. इस्मत युद्धाआधी जिल्ह्याच्या पोलिसात तपासनीस होता. आता तो चिखल तुडवायचा. तो गुडघ्यापर्यंत माखलेल्या पायांनी आला.

"काय रे इस्मत, पोलिसात असताना तू म्हणे मेलेल्यांना बोलतं करायचास?"

"मेलेले लगेच बोलायचे, रईस. पंचाईत जिवंतांची व्हायची."

"मग याला विचार. पडला की पाडला?"

इस्मत खाली बसला. रईस त्याच्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला कालच्या मेंढ्याचा वास येत होता.

"तुझी बायको खोकते. कालव्यापलीकडे माझ्या घरात ऐकू येतं. चांगला दणकट खोकला आहे, पण हिवाळा त्याहून दणकट असतो. तुझ्या भिंती उभ्या आहेत, वर काही नाही. मला खुनी दे. या घरातल्या बायकांपैकीच दे. आणि हे पत्रे घेऊन जा, वाशांसकट."

"आणि पडला असेल तर?"

"तर तू आभाळ पांघर."

इस्मतने मेलेल्याच्या पापण्या वर केल्या. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या बारीक झालेल्या. दाढीत फेस वाळलेला. डोक्याला खोक नाही, हाड मोडलेलं नाही. कपाशीच्या मुलखात नोकरी केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. कपाशीवर मारायचं औषध पोटात गेलं की माणूस असाच दिसतो.

नेमत पडला नव्हता.

शिवाय तो नेमतही नव्हता. पण हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि इस्मतनेही एकदा मान डोलवून त्याला नेमत म्हटलं होतं.

२

दुपारी दफन उरकलं. सनवबर आणि तिची सून रोझीगुल सुतकाचे निळे कपडे घालून नव्या छपराखाली बसल्या होत्या. रोझीगुल फार सुरेख रडत होती. बाहेरच्या बायका गेल्या तशी ती नळ बंद करावा तशी थांबली.

"अमक, चहा घ्या," ती म्हणाली. अमक म्हणजे काका. "रडताना थंड झाला, पण आहे."

"तुझा नवरा होता तो, रोझीगुल?"

"तुम्ही कशाला नाटक करता? नवरा बायकोला कळतो, अंधारातही कळतो. माझा नेमत डावखुरा. हा उजव्या हाताने कान खाजवायचा."

"मग घरात का घेतलात?"

उत्तर सनवबरने दिलं. ती एवढीशी, सुकलेल्या जर्दाळूसारखी म्हातारी होती, आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"रईसने हात धरून आणला त्याला. सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, घे म्हातारे, तुझा नेमत आला. मी म्हटलं, हा माझा नेमत असेल तर मी बुखाऱ्याची राणी. तेव्हा तो माझ्या कानात म्हणाला, पुरुष नाही तर पत्रे नाहीत. मी पुन्हा नीट पाहिलं. म्हटलं, हो गं बाई, नाक तर त्याचंच आहे!"

"आणि तो माणूस?"

"लपायला आला होता. कुणापासून ते विचारलं नाही. त्याला नाव हवं होतं, आम्हाला छप्पर. तो इकडे त्या भिंतीशी झोपायचा, आम्ही दोघी तिकडे. काम मात्र गाढवासारखं करायचा, पत्र्यांचे खिळेही त्यानेच ठोकले, खोटं का बोलू?"

"रईसला यात काय मिळत होतं?"

"जागा. कालव्याकाठची आहे. त्याचा माणूस इथे बसला की उद्या मी मरेन, परवा सून हाकलली जाईल, तेरवा रईसचा भाचा इथे टरबूज खाईल. पण याला घर आवडायला लागलं होतं. 'माझं घर' म्हणायला लागला होता मेला. काल मेजवानी उठल्यावरही शिडीच्या पायथ्याशी बसून छपराकडे बघत होता. रईसला ते खुपलं."

इस्मतने तो थंड चहा घेतला. दोन वर्षांमागच्या थंडीत जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारातून एक ट्रक गेला होता. जिंकणाऱ्यांनी गल्लीतली तरणी मुलं त्यात चढवली होती. त्यात सनवबरचा नेमत होता, आणि इस्मतचा एकुलता एक सबूरही होता. ट्रक परत आला. मुलं आली नाहीत. त्याबद्दल लबीजोयमध्ये कुणी बोलत नसे. बोलून चिखल लवकर वाळत नाही.

"काल त्याने काय खाल्लं, आपा?"

"सगळ्यांनी खाल्लं ते. एकाच परातीतला पुलाव." म्हातारी थांबली. "आणि त्याची रोटी."

तिकडे माणूस घर सोडून लांब निघाला की एका रोटीचा घास घेतो. उरलेली रोटी घरचे भिंतीवर टांगून ठेवतात, तो परत येऊन संपवीपर्यंत. ट्रक निघताना मुलाने घास घेतलेली रोटी सनवबर नदीपार घेऊन गेली होती आणि परत घेऊन आली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. छप्पर झाल्याशिवाय घर नाही, घर झाल्याशिवाय परतणं नाही, असं सांगून तिने ती रोटी आजवर त्या माणसाला दिली नव्हती. काल रईसच मेजवानीत ओरडला होता, "आता तरी खाऊ दे पोराला त्याची रोटी!"

"ती दुसऱ्या कुणी खाल्ली?"

"दुसऱ्याची रोटी कोण खाईल? त्याने एकट्याने खाल्ली. चहात बुडवून, वर रईसने ओतलेली दारू पीत."

"त्याच्या हातात कुणी दिली?"

सनवबरने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मी."

३

खुनी मिळाला होता. एका दुपारात. इस्मतने ठरवलं असतं तर तो सरळ कालवा ओलांडून रईसकडे गेला असता, आणि त्याची बायको मस्तूरा त्याच आठवड्यात छपराखाली खोकली असती.

तो गेला नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. जुन्या तपासनिसाला सोपं उत्तर दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागतं. जिने त्या माणसाला छपरासाठी मुलगा म्हटलं, ती छप्पर मिळालं त्याच दिवशी त्याला कशाला मारील? पुरुष गेला की पत्रे गेले, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

दुसऱ्या सकाळी तो सुतार उस्तो गदोयकडे गेला. गदोय रंधा मारत होता आणि त्याहून जास्त जीभ.

"या, साहेब! मला पकडायला आलात? पकडा. कोठडीला छप्पर तरी असेल."

"तू सनवबरचं आढं चढवलंस. त्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"घडलं ना. चोरी झाली. आणि चोरी झाली ती माझी! साऱ्या जगाच्या चोऱ्या झाल्या तेव्हा तुम्ही नव्हता, आता माझी तरी लिहून घ्या."

आढं चढवायच्या दिवशी घरचे आणि शेजारी त्यावर कापडं बांधतात, आणि काम उरकलं की ती सुतारांची होतात. गदोयने हातवारे करत सांगितलं, "कुणी सुती कापड बांधलं, कुणी टॉवेल. हा नेमत मात्र गाठोडं सोडून भरतकामाचा रुमाल घेऊन आला. कमरेला बांधतात तसला. छाती फुगवून स्वतः वर चढला आणि मधोमध बांधला. म्हटलं, वा, हा मी ईदला वापरीन. आम्ही जेवून परत वर गेलो तर रुमाल गायब. सोडवलेला नाही बरं का. सुरीने कापलेला. गाठ तेवढी आढ्यावर राहिली."

"तेव्हा तिथे कोण होतं?"

"कोण नव्हतं? रईस होता, बायका चुलीवर होत्या, तुम्ही स्वतः चिखलात होता. तुमच्याच डोक्यावर फडफडत होता तो रुमाल."

गदोयने जपून ठेवलेली गाठ काढून दिली. बोटाएवढा कापडाचा तुकडा, त्यावर लाल आणि काळ्या धाग्याची वेल. इस्मतने तो उलटसुलट केला, वास घेतला, उन्हात धरला. धागा चांगला होता. याहून जास्त त्याला काही कळलं नाही. त्या मुलखात पुरुष माणसं भरतकाम पाहत नाहीत. ते अंगावर घालतात.

दुपारी तो आपल्या भिंतींत परतला. मस्तूराने रुमाल पसरला, त्यातली रोटी मोडली आणि पुढे ठेवली. रोटी धुळीने भरली होती.

"रुमालाची गाठ नीट का मारत नाहीस? शेतावर नेतो तर रोटी सारखी निसटते."

"कोपरा पुरत नाही," ती म्हणाली.

त्याने खिशातला तुकडा तिच्यासमोर धरला. "बाईमाणूस म्हणून सांग, हे काय आहे?"

मस्तूराने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाली, "लाल धागा आहे, सबूरचे बाबा. काळाही आहे."

"ते मलाही दिसतंय."

"हो का? मग झालं तर."

तो जेवला. मीठ कमी आहे म्हणाला. रुमालाला हात पुसले आणि उठला.

४

सनवबरच्या दाराशी रईसचा भाचा पावलं टाकून जागा मोजत होता. म्हातारी त्याला शिव्या देत होती, आणि त्या शिव्या इतक्या जुन्या होत्या की अर्ध्या त्याला कळतच नव्हत्या.

इस्मतने तिला आत नेलं.

"आपा, रईसला खुनी हवा आहे आणि त्याने तुला निवडलंय. मुलाच्या रोटीवर औषध घालणारी आई, असं तो सांगेल. आणि लोक मान डोलवतील. आपल्याला आता मान डोलवायची सवय झाली आहे."

"माझ्या मुलाच्या रोटीवर?" म्हातारी ताडकन उठली. तिने पेटी उघडली, कापडात कापड, त्यात कापड, असं सोडवत सोडवत एक रोटी बाहेर काढली. दगडासारखी कडक, काळी पडलेली. तिच्या कडेला एक घास तोडलेला होता. डावीकडच्या दाताची फट अगदी स्पष्ट.

"ही माझ्या नेमतची. ही मी त्या उपऱ्याला देईन? ही संपली म्हणजे माझा मुलगा आला असं होईल. मग तो खरा आला तर काय खाईल?"

"मग त्याने खाल्ली ती?"

"दुसरी. भाजून घेतली, उन्हात वाळवून घेतली. घास मी तोडला. दात नाहीत, सुरीने तोडला. पण रईसला फरक कळतो थोडाच?"

"कुणी भाजली?"

सनवबरचं तोंड पहिल्यांदा बंद झालं.

"जिने भाजून दिली तिने माझ्यावर उपकार केला. माझ्याकडे तंदूर नाही. उपकार करणारीचं नाव मी पोलिसाला सांगत नाही."

"तिनेच त्यात औषध घातलं असेल."

"मग तर मुळीच सांगत नाही."

तो बाहेर अंगणात आला. रोझीगुल भिंतीच्या पायथ्याशी खराट्याने झाडत होती. तिच्या केरात चिमण्या होत्या. चार-दोन नव्हे, सुपडंभर.

"कालपासून मरतायत," ती म्हणाली. "मेजवानीचं खाऊन पोट फुटलं असेल. आपल्या गावात पोट फुटून मरणारी ही पहिलीच."

इस्मतने वर पाहिलं. "रोझीगुल, परवा त्याची उरलेली रोटी कुठे टाकलीस?"

"टाकली?" ती दचकली. "रोटी कुणी टाकतं का, अमक? जमिनीवर पडलेला तुकडा होता. उचलला, कपाळाला लावला, भिंतीवर उंच ठेवला. पाखरांसाठी."

ज्याने विष घातलं त्याने उरलेल्या तुकड्याचा विचार केलाच नसेल असं नाही. पण विचार करून तरी काय? त्या लोकांच्या हातून माणूस मारला जाईल, रोटी उकिरड्यावर जाणार नाही. कालवा दहा हात लांब होता. तुकडा त्यात भिरकावला असता तर जगातल्या कुठल्याही तपासनिसाला काही सापडलं नसतं. तो भिंतीवर ठेवला गेला, दोन्ही हातांनी, अदबीने.

इस्मत शिडी लावून चढला. चिमण्यांनी कडा खाल्ल्या होत्या, मधला भाग शाबूत होता. तंदूरमध्ये टाकण्याआधी रोटीच्या मध्यभागी खिळ्यांच्या ठशाने भोकं पाडतात. प्रत्येक घराचा ठसा वेगळा. या रोटीवर भोकांचं एक कडं होतं, आणि मधोमध एक तिरपी, वाकडी चीर. ठशातला मधला खिळा वाकडा असल्यासारखी.

इस्मत शिडीवरच बसला. खाली रोझीगुल काहीतरी विचारत होती, ते त्याला ऐकू आलं नाही.

तो खिळा वाकडा होताच. तंबूच्या खुंटीतून काढलेला होता. तंबूत दुसरा मिळाला नाही म्हणून इस्मतने तो तसाच लाकडात ठोकून बायकोला दिला होता. ती वाकडी चीर तो रोज सकाळी मोडून खात होता.

५

मस्तूरा उघड्या भिंतींच्या मधोमध तंदूरपाशी बसली होती. त्याने तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिने तो पालथा होता तो उताणा केला. रोटी पालथी ठेवत नाहीत.

"ओळखलात," ती म्हणाली.

"हो."

"दोन दिवसांत. ठसा पाहून. हुशार आहात. सगळे म्हणायचेच."

"का केलंस, मस्तूरा? तो कोण होता तुझा? त्या दोघींना छप्पर मिळालं होतं..."

ती उठली. जेवणाचा रुमाल आणला आणि त्याच्या गुडघ्यांवर पसरला. लाल आणि काळी वेल. एक कोपरा कापलेला.

"काढा तुमच्या खिशातला."

त्याने गाठीचा तुकडा काढून कोपऱ्याला लावला. वेलीचं पान पानाला जुळलं.

"सबूरसाठी भरला होता मी. ट्रकमध्ये चढवला तेव्हा त्याच्या कमरेला होता. तुम्ही माझ्याशेजारी उभे होता." तिचा आवाज चढला नाही. "आढ्याच्या दिवशी मी चुलीवरून मान वर केली, तर तो मेला माझ्या मुलाचा रुमाल बांधत होता. हसत होता. दानशूर! सगळे वर बघून वाहवा म्हणाले. तुम्हीही म्हणालात."

इस्मतने जुळलेल्या पानांवरून बोट फिरवलं.

"मी चढले आणि कापून आणला. तेव्हापासून रोज तुमच्यासमोर पसरते. म्हटलं, आज ओळखतील. नाही तर उद्या. पोलिसात होते ना? त्यावर जेवता, त्याला हात पुसता, गाठ सैल म्हणून मलाच ओरडता. ओळखला असतात तर तुमच्यावर सोडलं असतं मी. तुमच्याकडे फावडं होतं. पण तुम्ही म्हणालात, मीठ कमी आहे."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं की. इतके दिवस सांगत होते." ती खोकू लागली. खोकून झाल्यावर तिने तोंड बाहीला पुसलं, रुमालाला नाही. "मग सनवबर आपाने खोटी रोटी मागितली. मी विचारलं, एकटाच खाईल ना? म्हणाली, एकटाच. शेतावर टाकलेल्या डब्यांच्या तळाशी औषध उरतंच. आता जा. रईसला माझं नाव सांगा. पत्रे मिळतील. मला एकदा पाहायचं होतं खालून कसे दिसतात ते, पण तेवढं काही नाही."

बाहेर रईसच्या मोटारीचा भोंगा वाजला.

६

सनवबरच्या छपराखाली गालिचा पसरला गेला. रईस लोडाला टेकून बसला. समोर सनवबर, रोझीगुल, गदोय सुतार. मस्तूराही आली आणि दारात बसली.

"बोल, तपासनीस. खुनी मिळाला?"

"मिळाला, रईस. पण आधी मेलेला मिळायला हवा." इस्मतचा आवाज खूप वर्षांनी पोलिसातला झाला होता. "तो नेमत नव्हता. नेमत डावखुरा, हा उजवा. त्याच्या गाठोड्यात एक रुमाल होता, तो त्याने आढ्याला बांधला. तो रुमाल ज्या मुलाचा, त्याला जिनाच्या आवारातून ट्रकमध्ये चढवलेलं या गल्लीने पाहिलं. म्हणजे हा माणूस त्या ट्रकबरोबर होता, आणि मुलांच्या कमरेचे रुमाल सोडवले गेले तेव्हाही होता."

सनवबरने हातातला पियाला खाली ठेवला. तिचा मुलगा त्याच ट्रकमध्ये होता.

"पुढे," रईस म्हणाला. तो लोडावरून सरळ झाला होता.

"पुढे मी अडकलोय. मी खून म्हटलं की जिल्ह्यातून माणसं येतील. विचारतील, मेला कोण? त्याला नेमत म्हणून हात धरून आणला कोणी? घर त्याला आवडायला लागल्यावर राग कुणाला आला? मेजवानीत 'रोटी खाऊ दे' म्हणून ओरडला कोण, वर दारू ओतली कोणी? कपाशीच्या औषधाचं कोठार कुणाच्या कुलपात असतं? आणि तो ज्यांच्यापासून लपला होता ते त्याचे जुने सोबतीही येतील. ते प्रश्न नंतर विचारतात, असं ऐकतो."

 रईसने पियाला उचलला, फुंकर घातली, प्यायला, खाली ठेवला. मग तो हसू लागला. मनापासून, पोट धरून.

"शाब्बास! याला पोलिसात ठेवलं असतं तर युद्ध आम्ही हरलो असतो. तर काय झालं म्हणतोस?"

"पडला, रईस. शिडीवरून."

"पडला बिचारा." रईसने डोळे पुसले आणि उठला. "म्हणजे या घरातला पुरुष गेला. गदोय, शिडी लाव. पत्रे उतरव."

रोझीगुल किंचाळली. सनवबर नुसती बसून राहिली.

"इस्मत, भोळा आहेस रे," रईस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "मला खुनी कशाला हवा होता? जागा हवी होती. म्हातारी तुरुंगात गेली असती तरी मिळाली असती, तो पडला तरी मिळाली. उलट हे स्वस्तात झालं. आणि तू खुनी मिळाला म्हणालास, मी शब्दाचा पक्का. पत्रे तुझे."

"मला नकोत."

"मग कालव्यात टाकतो. उतरणार तर आहेतच."

इस्मतने सनवबरकडे पाहिलं. म्हातारी भिंतीला धरून उठली.

"घे रे बाबा," ती म्हणाली. "कालव्याला खोकला नाही."

७

पत्रे इस्मतच्या घरावर चढले. गदोयने वासे कापून बसवले, कारण एका घराचे वासे दुसऱ्या घराला आखूड तरी पडतात किंवा लांब तरी. कालव्याकाठी रईसच्या भाच्याने सनवबरच्या भिंतींवर स्वतःचे पत्रे चढवले. भिंती चांगल्या तुडवलेल्या होत्या, तो त्यांचं कौतुक करायचा.

मस्तूराने छप्पर खालून पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "जा, त्या दोघींना घेऊन या."

"येतील?"

"हिवाळा त्यांना विचारणार नाही."

त्या आल्या. सनवबर पेटी घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"मला सांगायचं होतंस," सनवबर म्हणाली. "माझाही होता त्या ट्रकमध्ये. मी घास सुरीने तोडला. हातात सुरी होती माझ्या!"

"तू बोलतेस फार, आपा. गावभर झालं असतं."

"ते खरं," असं म्हणून सनवबर आत आली.

थंडीच्या तोंडावर पाऊस आला, आणि छप्पर गळू लागलं. एका जागी नव्हे, सगळीकडे. चौघं अंथरुणं ओढत या भिंतीपासून त्या भिंतीशी गेली, तिथेही गळत होतं. रोझीगुलने परात ठेवली, सनवबरने पातेलं, मस्तूराने चहाचे पियाले. शेवटी ठेवायला काही उरलं नाही, तेव्हा मस्तूरा ओल्या गोधडीवर बसली आणि वर बघत म्हणाली,

"मेला! खिळेसुद्धा धड जागेवर ठोकता आले नाहीत त्याला!"

सनवबर आधी हसली. मग रोझीगुल. मग मस्तूरा हसली, ट्रक गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता खोकू लागली. खोकला थांबेना. रोझीगुल तिची पाठ चोळू लागली, सनवबर "बस्स गं, बस्स" म्हणत हसतच राहिली.

इस्मत ऐकत उभा होता. खिळे अगदी जागेवर ठोकलेले होते. त्या मेलेल्या माणसाने एकही भोक वाकडं पाडलं नव्हतं. फक्त ती भोकं दुसऱ्या घराच्या वाशांसाठी होती, आणि इथे ती उघड्या पोकळीवर आली होती. हे त्याला पत्रे चढवतानाच दिसलं होतं.

त्याने डांबराचा डबा घेतला आणि पावसात शिडी चढला.